झुरका आणि ठसका

मराठी माणूस विडी ओढतो, सिगारेट ओढतो, चिलीम ओढतो. पण त्याला दटावायची वेळ आली की घरातली बाई म्हणते, 'बसलेत फुंकत!' गंमतच आहे. फुंकायची असते ती चूल. फुंकणीतून हवा बाहेर जाते, विडीतून ती आत येते. दोन्ही क्रिया एकमेकींच्या अगदी उलट. विडीबरोबर पैसेही जातात, म्हणून कदाचित तो शब्द चिकटला असावा. खरा नेमका शब्द 'ओढणं' हाच. जे ओढावं लागतं त्यात काहीतरी अडथळा असतो. हा अडथळा किती ठेवायचा, हवा कुठून घ्यायची, किती घ्यायची, तोंडात येईपर्यंत ती किती निवली पाहिजे, यातच या सगळ्या वस्तूंची कारागिरी आहे. आपल्या मुलखात तंबाखू आल्याला चार शतकं उलटली. तेवढी सगळी वर्षं माणसं या एका गोष्टीवर डोकं चालवत आली आहेत, आणि आता ती अंगठ्याएवढ्या पोलादी नळीपर्यंत येऊन पोचली आहेत.

मी स्वतः यातलं काही ओढत नाही. बँकेतल्या नोकरीत इतरांनी सोडलेला धूर मात्र भरपूर घेतला आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर खरी बंदी आली ती २ ऑक्टोबर २००८ पासून. त्याआधी शाखेत कॅशियरच्या पिंजऱ्यापासून मॅनेजरच्या केबिनपर्यंत ॲश-ट्रे हे फर्निचरच होतं. पुढे कादंबऱ्या लिहायला लागलो, तेव्हा त्या धुरातली पुष्कळ माणसं कामाला आली.

पेण म्हटलं की गणपती. गावात आणि जवळच्या हमरापूर, जोहे भागात मूर्तींचे कारखाने आहेत. दोन खोल्यांत चार माणसं काम करत असली तरी तिथला शब्द 'कारखाना' हाच. या मंडळींची कर्जखाती मी काही वर्षं सांभाळली. विचित्र चक्र असतं त्या धंद्याचं. वर्षभर माती, प्लास्टर, रंग, मजुरी यांत पैसा जात राहतो आणि भाद्रपद जवळ आला की एकदम परत येतो. माझ्या जुन्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा अशाच एका कारखान्यात रंगकाम करतो. वय बावीस. डोळ्यांची आखणी करणारा हात अजून त्याचा नाही, पण स्प्रे गन त्याच्याइतकी साफ चालवणारा दुसरा नाही, असं मालक सांगतात. गेल्या मे महिन्यात पेणला गेलो होतो, तेव्हा त्यानं मला ती गन समजावून दिली. तिला दोन फिरक्या असतात, एक रंगाची आणि एक हवेची. हवा कमी पडली तर रंगाचे ठिपके उडतात. जास्त झाली तर रंग मूर्तीपर्यंत पोचण्याआधीच वाळतो आणि भुकटीसारखा बसतो. दोन्ही फिरक्या जमल्या की अंगकांती अशी उतरते, की हात लावायची भीती वाटावी.

मग इकडेतिकडे पाहून त्यानं खिशातून दुसरी वस्तू काढली. "काका, ही पण एक स्प्रे गनच आहे."

ती होती ई-सिगारेट. दुकानातून आणायची, संपली की टाकायची, अशी नव्हे. सगळी उकलून पुन्हा बांधता येणारी. खाली बॅटरीचा ठोकळा, वर ॲटमायझर. कारखान्याच्या मागच्या पडवीत, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, घड्याळजीनं घड्याळ उघडावं तसा त्यानं तो ॲटमायझर उघडला. आत रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक बैठक. तिच्यावर दोन खांब, दोन बारीक स्क्रू. त्या खांबांमध्ये तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. आपल्या घरातल्या विजेच्या शेगडीत असते त्याच जातीची ही तार, फक्त फार बारीक. वेटोळ्यातून ओवलेली कापसाची वात, तिची दोन्ही टोकं द्रवात बुडालेली. वर काचेची छोटी टाकी, मधून धुराडं, टोकाला तोंडाची नळी. आणि वेटोळ्याच्या बरोबर खाली हवेचं भोक. बाहेरून एक कडं फिरवून हे भोक कमीजास्त उघडता येतं.

ज्यांच्या घरी प्रभाकर कंदील होता, त्यांना यातलं निम्मं न सांगताच समजेल. वात रॉकेल वर ओढते, ज्योतीला हवा लागते. वात फार वर केली की काच काळी होते, फार खाली गेली की ज्योत फडफडून विझते. फरक एवढाच, की कंदिलात रॉकेल जळतं आणि इथं काही जळू द्यायचं नसतं. बटण दाबलं की तार तापते, वातीतल्या द्रवाची वाफ होते, खालून आलेली हवा ती उचलून नेते आणि वाटेत निवल्यामुळे त्या वाफेचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. ते तोंडात येतात. म्हणजे लोक म्हणतात ती 'वाफ' खरं तर वाफ नसते. माघात सकाळी कुंडलिकेच्या पात्रावर उभं राहतं तसलं धुकं असतं ते. या धुक्यात निकोटिन, फळाचा किंवा मिठाईचा स्वाद आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन ही दोन चिकट द्रव्यं असतात.

टाकीतून द्रव खाली उतरतं कसं आणि भोकातून गळून जात नाही कसं, हे मला आधी उमजेना. मग माझ्याच खिशातल्या शाईच्या पेनाकडे लक्ष गेलं. शाई जेवढी खाली येते तेवढी हवा वर जावी लागते. हवा जाऊ दिली नाही तर पेन उमटत नाही, जास्त जाऊ दिली तर खिशावर डाग. तेच गणित. कापूस घट्ट भरला तर वात कोरडी पडते, सैल भरला तर टाकी गळते.

पुढं जाण्याआधी कायदा सांगायला हवा. ही वस्तू आपल्या देशात बेकायदा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळ्याला बंदी. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. हे मी त्या मुलाला ऐकवलं. त्याला ते माहीत होतं. मुंबईतला कुणी 'भाई' आणून देतो, एवढंच तो म्हणाला. त्या भाईचं नाव मी विचारलं नाही.

मला थक्क केलं ते त्याच्या वहीनं. दोनशे पानी, रेघा मारलेली, कारखान्याच्या रंगाचे डाग पडलेली. तीत तो प्रयोग नोंदवत होता. तार कुठली, वेढे किती, रोध किती ओहम, कापूस किती, भोक किती मिलिमीटर. आणि मग 'स्वाद', 'घसा', 'ढग' असे तीन रकाने, त्यांत दहापैकी गुण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत पदवी घेऊन बसलेली माणसंही हे पथ्य पाळत नाहीत. भोक एक मिलिमीटरचं असताना ओढायला जड, झुरका गरम, घशाला जोरात लागणारा. तेच दोन मिलिमीटरचं केलं की ओढ हलकी, धूर गार, ढग मोठा, पण स्वाद पातळ. "काका, दुप्पट केलं तर चौपट मोकळं होतं," तो म्हणाला. बरोबरच होतं. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट. भोकाची कडा धारदार राहिली तर ओढताना शिट्टी वाजते, म्हणून ती कानशीनं मारून घ्यायची. भोक वेटोळ्यापासून दूर गेलं तर हवा बाजूनं निसटते आणि तार नुसती तापत राहते. हे सगळं त्यानं स्वतः शोधलेलं. स्प्रे गनवर बसलेला हात इथं चालत होता.

आणि तार नुसती तापत राहिली तर काय होतं? वहीत अशा झुरक्यांपुढं त्यानं लाल शाईनं 'जळका' असं लिहिलं होतं. वात कोरडी पडली की ग्लिसरीनचं विघटन होतं आणि त्यातून ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड अशी द्रव्यं निघतात. नावं परकी असली तरी यातल्या ॲक्रोलिनची ओळख आपल्या स्वयंपाकघराला आहे. कढईतलं तेल विसरलं, ते जळायला लागलं, की डोळ्यांना झोंबणारा आणि खोकवणारा धूर उठतो, त्यातलं झोंबणं बरंचसं याचंच. तेव्हा आपण खिडकी उघडतो आणि पदर नाकाला लावतो. इथं माणूस तो धूर मुद्दाम आत घेतो. वही लिहिणारा मुलगा चांगला, की तो 'जळका' लिहून थांबत होता. सगळे थांबत असतील असं नाही.

त्याच संध्याकाळी गाडीनं रोह्याला गेलो. पेणहून कासू, नागोठणे, निडी करत गाडी रोह्याला लागते. ही लाइन रोह्यापर्यंत आली १९८६ मध्ये. मी त्यानंतर काही वर्षांनी तिथल्या शाखेत होतो, तेव्हाही स्टेशनाचं नवेपण गेलेलं नव्हतं. कोकण रेल्वे पुढं सुरू व्हायची होती. शाखेच्या बाहेर एक झाड होतं आणि त्या झाडाखाली आमची खरी प्रतीक्षागृहं भरत. पीककर्जाला आलेले म्हातारे तिथं सकाळपासून बसत. बऱ्याच जणांकडे विडी असे. टेंभुर्णीच्या पानाची विकतची विडी परवडली नाही तर आपट्याच्या पानात घरचा तंबाखू गुंडाळणारेही होते. एकाकडे मात्र चिलीम होती.

त्या म्हाताऱ्याची चिलीम भरणं हा सोहळा असे. मातीची भाजलेली, धोतऱ्याच्या फुलासारखी वर रुंद आणि खाली निमुळती. आधी तो बटव्यातून एक खडा काढी आणि चिलमीच्या नरड्यात सोडी. त्यावर तळहातावर चोळलेला तंबाखू. त्यावर चहावाल्याच्या शेगडीतला निखारा, तोही बोटांनी उचललेला. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची घडी, ती छापी. मग दोन्ही हातांच्या ओंजळीत चिलीम धरून अंगठ्यांच्या मधल्या फटीला तोंड लावायचं. ओठ चिलमीला लागत नाहीत. हाताची पोकळीच हवेची खोली होते आणि बोटांमधल्या फटी कमीजास्त केल्या की बाहेरची हवा मिसळते. पेणच्या त्या पोलादी नळीवरचं फिरतं कडं म्हणजे ही बोटंच. छापीनं धूर निवतो, खड्यानं तंबाखू आणि राख तोंडात येत नाही.

एकदा मी विचारलं, एवढा वाकडातिकडा खडा कशाला, नदीत गोल गुळगुळीत गोटे काय कमी आहेत? म्हातारा म्हणाला, "गोल खडा कामाचा नाय, सायब. गोल खडा नरडं बंद करतो. ह्याच्या बाजूनं वारा सुटला पायजे." मिलिमीटर त्याच्याकडे नव्हते, पण चाचणी त्यानंही केलेली होती. किती खडे टाकले असतील तेव्हा तो एक सापडला असेल. ओढून झाल्यावर तो चिलमीतून चिंधी आरपार ओढून काढी. चिंधीवर डांबरासारखा काळा थर येई. खडा दगडावर घासून पुन्हा बटव्यात. आणि मग तो खोके. खोके म्हणजे, दोन टोकन पुकारून होतील इतका वेळ खोके. खडा धुऊन निघे, छाती कशी निघणार?

तंबाखू आणि वैद्य यांचं भांडण मात्र फार जुनं आहे, आणि ते सुरू झालं आपल्याच दख्खनच्या मालावरून. अकबराचा दरबारी असद बेग विजापूरला गेला होता. तिथं त्याला तंबाखू दिसला. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यानं तो रत्नजडित नळीसकट आग्र्याला नेऊन बादशहापुढं ठेवला. बादशहानं एकदोन झुरके घेतले तोच हकीम आडवा आला. पुढं जहांगीरनं १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीचं फर्मान काढलं. त्याचं काय झालं ते गावोगावच्या गुडगुड्यांनी सांगितलंच. धूर पाण्यातून घेतला की तो निर्मळ होतो, ही समजूत तेव्हापासूनची. पाण्यानं धूर गार होतो, हे खरं. गार झाला म्हणून निर्विष होत नाही. पण गार धुराला ठसका लागत नाही, आणि ठसका लागला नाही की माणसाला वाटतं, अपाय नाही.

हवेच्या चाचणीनं जग कसं फसलं, याचं सर्वांत मोठं उदाहरण हुक्क्याचं नाही, सिगारेटचं आहे. आमच्या शाखेत एक अधिकारी डॉक्टरांनी दटावल्यावर 'लाइट' सिगारेटवर आले होते. पाकिटाकडे ते औषधाच्या बाटलीकडे बघावं तसे बघत. या 'लाइट' प्रकारात केलेलं काय असतं? फिल्टरच्या कागदाला भोवताली अतिबारीक भोकं पाडलेली असतात. झुरका घेतला की त्यांतून बाहेरची हवा शिरते आणि धूर पातळ होतो. सिगारेटची मोजणी करणारं यंत्र असतं. ते मिनिटाला एक झुरका घेतं, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. यंत्र सिगारेटला अगदी टोकाला धरतं, भोकं उघडी राहतात, म्हणून डांबर आणि निकोटिन कमी भरतं. पाकिटावर तो कमी आकडा. माणूस मात्र तीच सिगारेट दोन बोटांत धरतो आणि ओठांत खोलवर धरतो, की निम्मी भोकं बंद. शिवाय निकोटिन कमी पडलं की शरीर आपोआप जोरात ओढतं, जास्त वेळा ओढतं. आकडा यंत्राचा, छाती माणसाची. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संघराज्य न्यायालयात न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की सिगारेट कंपन्यांनी या 'लाइट'च्या बाबतीत लोकांची जाणूनबुजून फसवणूक केली. २०१० पासून तिथं पाकिटावर तो शब्द छापायला बंदी आहे. आमच्या अधिकाऱ्यांना मात्र त्या आधी पंधरा वर्षं वाटत होतं, की आपण अर्धी सिगारेट सोडली.

आता ई-सिगारेटसाठीही यंत्राचं मानक ठरलं आहे, २०१८ चं. तीन सेकंदांचा झुरका, ५५ मिलिलिटर, दर अर्ध्या मिनिटाला एक. मोजायला काहीतरी ठरवावं लागतं, हे कबूल. पण पेणच्या पडवीत बसलेला मुलगा घड्याळ लावून ओढत नाही.

एक गोष्ट घरातल्या मंडळींनी नीट समजून घ्यावी अशी आहे. त्या मुलाच्या बाटलीवर हापूससारख्या आंब्याचं चित्र होतं, पत्ता कुठलाच नव्हता. "खायचाच इसेन्स असतो काका, आइस्क्रीममध्ये घालतात तो," असं तो मला समजावत होता. आइस्क्रीममध्ये घालतात हे ठीक. पण पोट वेगळं आणि फुफ्फुस वेगळं. डायअसिटिल नावाचं लोण्याच्या वासाचं द्रव्य खायला चालतं. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या एका मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात तेच हवेतून रोज छातीत गेल्यामुळे कामगारांची फुफ्फुसं कायमची निकामी झाल्याचं २००० साली उघडकीला आलं. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपण निर्धास्त गिळतो. त्याच जीवनसत्त्वाचं एक तेलकट रूप गांजाच्या अर्कात मिसळून ई-सिगारेटसाठी चोरबाजारात विकलं गेलं, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत तरुण पोरं धापा टाकत रुग्णालयात भरती होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंतचा आकडा २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. त्यांच्या नळ्यांची भोकं अगदी बरोबर मापाची असतील. भोकातून काय येतं, ते कुणी तपासलं नव्हतं.

दुसरी गोष्ट ठसक्याची. निकोटिन मूळचं घशाला झोंबणारं. चिलमीच्या, विडीच्या पहिल्या झुरक्याला पोरगं ठसकतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि पुष्कळ पोरं तिथंच सुटतात. देवानं घशात बसवलेला हा राखणदार आहे. चिलीमवाल्यांनी त्याला ओल्या छापीनं चुचकारलं, हुक्केवाल्यांनी पाण्यानं, सिगारेटवाल्यांनी पुदिन्याच्या थंडाव्यानं. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत निकोटिनात बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळून त्याचा क्षार करण्याची युक्ती बाजारात गाजली. त्यामुळे निकोटिन भरपूर असूनही घशाला लागत नाही. पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या छोट्या यंत्रांमधून शाळकरी मुलं ते ओढू लागली, आणि वर्गात कुणाला पत्ता लागेना, कारण ठसका नाही आणि वासही आंब्या-पुदिन्याचा. राखणदाराला झोपवल्यावर घरात काय शिरेल याचा हिशेब कोण ठेवणार?

दुसरी बाजूही आहे, आणि ती दडवणं बरोबर नाही. पोलादी नळीत तंबाखू जळत नाही, त्यामुळे सिगारेटमधलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्यात नसतं. तिचा आजचा अवतार २००३ मध्ये चीनमधल्या होन लिक या औषधशास्त्रज्ञानं घडवला. तो स्वतः अट्टल धूम्रपान करणारा, आणि त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेलेले. ब्रिटनचं सार्वजनिक आरोग्य खातं २०१५ पासून म्हणत आलं, की पट्टीच्या सिगारेटबाजानं पूर्णपणे याच्यावर येणं हे त्याच्या दृष्टीनं पुष्कळ कमी घातक. त्याच ब्रिटननं जून २०२५ पासून वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर बंदी घातली, कारण त्या पोरांच्या हातात आणि कचऱ्यात दिसू लागल्या होत्या. चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या म्हाताऱ्यासाठी जे कदाचित उतारा ठरेल, तेच कधी विडीला हात न लावलेल्या मुलासाठी पहिली पायरी होतं. आपल्याकडे बंदी आली ती या दुसऱ्या मुलाकडे बघून, आणि मला ती योग्य वाटते. मात्र बंदीनंतर माल थांबला नाही, त्याच्यावरचा पत्ता तेवढा गेला.

आता त्या वहीकडे येतो. रोह्याहून परतताना मी पुन्हा पेणला उतरलो होतो आणि ती वही मागून घेतली होती. मला तिच्यातल्या 'स्वाद' आणि 'ढग' या रकान्यांत रस नव्हता. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाची नजर आधी तारखांवर जाते. शेवटच्या पानावर त्यानं नव्या बाटल्यांच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या, भाईला पैसे देण्याच्या हिशेबासाठी. बाटली नेहमी तीस मिलिलिटरची, बाराशे रुपयांची. ३ मार्च. २७ मार्च. १५ एप्रिल. २९ एप्रिल. ९ मे. मी समासात पेन्सिलीनं दिवस मांडले. चोवीस. एकोणीस. चौदा. दहा.

त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "भोक मोठं केलं ना काका, मग द्रव जास्त लागतंच." उत्तर चुकीचं नव्हतं. मी पानं मागं उलटली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'भोक दीड मि.मी. हेच कायम.' खाली दोन रेघा. चौदा दिवसांची बाटली आणि दहा दिवसांची बाटली, दोन्ही त्या रेघांनंतरच्या. तार तीच, कापूस तोच, भोक तेच. बदललेलं काय होतं, ते वहीच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

विडी विझते. सिगारेट बोटाला चटका देऊन संपते. चिलमीसाठी निखारा शोधावा लागतो, फडकं भिजवावं लागतं, बसायला सावली लागते. या नळीला शेवट नाही. खिशातून काढली, एक झुरका घेतला, परत ठेवली. मूर्तीचा एक हात रंगवून झाला, एक झुरका. कंप्रेसर भरेपर्यंत आणखी एक. किती झाले, हे मोजायला राखेचं टोकसुद्धा उरत नाही.

तो बराच वेळ समासातल्या आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुढची दहाच्या वर नेऊन दाखवतो." मी विचारलं, भोक लहान करून? तो हसला नाही. आतून मालकांनी हाक मारली, एका मोठ्या मूर्तीचं पीतांबर राहिलं होतं. त्यानं नाकाला फडकं बांधलं, आणि ते बांधताना त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं, कारण गाठ मारता मारता त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रंग नाकात जाऊ नये म्हणून कारखान्यात सगळेच ते बांधतात.

पितृपक्षात, कारखाना मोकळा झाल्यावर, त्याचा फोन आला होता. हंगाम बरा गेला म्हणाला. वहीचं विचारलं, तर म्हणाला की आता लिहीत नाही. नळीचं मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. बोलता बोलता तो दोनदा थांबला. पलीकडे काय चाललं होतं, ते फोनवर कळायला मार्ग नव्हता. ठसका काही ऐकू आला नाही.